लेकीच्या घरचं पाणी

“कुंदा, पाणी बाहेरच्या नळाचं आण,” सासूबाई म्हणाल्या.

रात्रभर गाडीत अंग आखडून आम्ही तिघं सकाळी हैदराबादला उतरलो होतो. रिक्षा काचीगुड्याच्या एका गल्लीत शिरली, वन्संनी दारातच आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि चिंचेनं घासून लख्ख केलेला तांब्या पुढं केला. वर फुलपात्र पालथं. सासूबाईंनी त्या तांब्याकडं नजरसुद्धा वळवली नाही. स्वतःच्या वळकटीवर टेकल्या आणि मला हुकूम सोडला.

“आई, हेही नळाचंच आहे,” वन्सं म्हणाल्या. “त्याच पाइपातून आत येतं.”

“येत असेल. उंबऱ्याच्या आत आलं की ते जावयाचं झालं.”

तेव्हा मी हैदराबादचं पहिलं काय पाहिलं असेल, तर गल्लीच्या तोंडावरचा सरकारी नळ. चारमिनार नंतर. नळावर बायकांची रांग होती. त्यातल्या एकीनं मला नवखी बघून त्यांच्या त्या हिंदीत विचारलं, “क्या हौ, घर में पानी नक्को आता?”

“आता है,” मी म्हटलं, “पर सासू को नहीं चलता.”

सगळ्या रांगेनं एकदम मान डोलावली आणि मला पुढं जाऊ दिलं. सासू म्हटलं की कुठल्याच गावात फार समजावून सांगावं लागत नाही.

या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं झाली. आजच्या मुलींना ही रीत सांगितली की त्या माझ्याकडं, मी धूळपाटीच्या काळातली असल्यासारखं बघतात. रीत अशी, की लेकीला मूल झाल्याशिवाय आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. नातवंडाचं तोंड बघायचं, गोड खायचं, मग मोकळीक. आमच्या बार्शीतही बहुतेकांनी ती केव्हाच सोडून दिली होती. माझ्या आईनं तर माझ्या लग्नानंतर महिनाभरात येऊन दोन वाट्या खीर खाल्ली आणि वर वेलदोडा कमी म्हणाली. पण सासूबाई सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. वन्संच्या लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. म्हणून वीस वर्षांत त्या लेकीच्या घरी आल्याच नव्हत्या. वन्संच दरसाल चार दिवस बार्शीला येऊन जायच्या.

मग आत्ताच का आल्या? तर मामंजी गेले होते, सासूबाईंना एकटं ठेवता येत नव्हतं, माझ्या दोन पोरांबरोबर माझ्या माहेरी राहायला त्या तयार नव्हत्या, आणि आमच्या ह्यांना दिवाळीच्या सुट्टीत प्रवास करायचा होता. हे हायस्कुलात भूगोल शिकवायचे. सोलापूर जिल्ह्याबाहेर पाऊल न टाकता यांनी पोरांना सबंध आशिया खंड शिकवला होता. आपल्याकडं सहलीचं गाव निवडायची एकच कसोटी असते, तिथं आपलं कोण राहतं. डोंगर, समुद्र, किल्ला मागनं. शरयूताई हैदराबादला राहते, भाऊबीजही होईल, लॉजचा खर्चही नाही, म्हणून हैदराबाद. ताई बद्रीनाथला राहत असती तर आम्ही बद्रीनाथ केलं असतं.

सासूबाई आल्या त्या स्वतःची अट आणि स्वतःची ट्रंक घेऊन. ट्रंकेत कडक भाकऱ्यांची चळत. सोलापूरकडची ही भाकरी पापडासारखी वाळवतात, महिनाभर टिकते, आणि एकानं खाल्ली तर शेजारच्या घरात आवाज जातो. शिवाय शेंगाचटणी, पिठल्याचं पीठ, तांदळाची पुरचुंडी, तिखटमीठ आणि एक वातीचा स्टोव्ह. रॉकेलसुद्धा बार्शीचं. या सगळ्यावर रोज दोन वेळा स्वयंपाक करणारी मी. नातवंडं देऊन मी केव्हाच पास झालेली, माझ्या हातचं त्यांना चालायचं. मागच्या पडवीत माझी चूल मांडली गेली. वन्संच्या घरात झोपायला मात्र सासूबाईंची हरकत नव्हती. झोपेत पोटात काही जात नाही ना.

मला तेव्हा त्या बाईचा मनापासून तिटकारा आला होता, हे सांगायला काही हरकत नाही. मी सत्तावीस वर्षांची होते, लग्नानंतरची माझी पहिली सहल, आणि माझ्या बोटांना रॉकेलचा वास.

“बघितलंस?” पहिल्याच दुपारी वन्सं माझ्याशेजारी पडवीत येऊन बसल्या. वय बेचाळीस, पण पाठ ताठ आणि बोलणं सरळसोट. आत जेवणघरात त्यांनी केलेली बासुंदी, मसालेभात, भरली वांगी झाकून ठेवलेली होती आणि सासूबाई पडवीच्या टोकाला पाठमोऱ्या बसून कटाकट भाकरी मोडत होत्या. “कशी बसलीय बघ. मी काय चोरीचं आणलंय?”

“त्यांचं तसंच आहे, वन्सं.”

“कुंदा, मला साडी नको, चोळी नको. या खेपेला तिनं एकदा माझ्या हातचं जेवावं. एकदाच. मग मला तिच्याशी काही भांडायचं नाही.”

आत आमचे हे बासुंदीची तिसरी वाटी मागत होते. भावाला ही बंदी लागू नसते. आईच्या वाटचंही आपणच खायचं, असं यांनी बहुधा पुण्यकर्म म्हणून ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज झाली आणि त्यानंतर आम्ही शहर बघायला लागलो. बघायला लागलो म्हणजे काय, हे पुढं आणि आम्ही मागं. यांना त्या शहरातलं काहीही पसंत नव्हतं. चारमिनारसमोर उभं राहून यांनी जाहीर केलं, “चार मिनार आहेत.” नंतर म्हणाले, “आपल्या सोलापूरच्या किल्ल्याची सर नाही.” लोक हो म्हणायला ‘हौ’ म्हणतात, हे यांना गावंढळ वाटलं. नको म्हणायला ‘नक्को’ म्हणतात, तेव्हा म्हणाले, “आपलाच शब्द उचललाय, आणि नीट वापरता येत नाही.” इराण्याच्या हॉटेलात चहा प्यालो. तो चहा तासन्‌तास उकळतात, दूध वेगळं आटवतात आणि मग दोघांची गाठ घालून देतात. यांनी दोन कप रिचवले आणि म्हणाले, “चहा नाही हा. खीर आहे.” मग तिसरा मागवला.

मी काही कमी नव्हते. मलाही ते गाव आवडलं नाही. कुणाला कसली घाईच नाही. रिक्षावाला वाटेत रिक्षा थांबवून दुसऱ्या रिक्षावाल्याशी त्याच्या मेहुण्याच्या लग्नाचं बोलणार, आणि आपण मागं बसून ते ऐकणार. लाड बाजारात बांगडीवाला माझ्या हातात लाखेच्या बांगड्या चढवायला बसला तो मला न विचारताच, दहा रंग चढवले, दहाही उतरवले, मी काही न घेता उठले तर म्हणाला, “कल आना, अम्मा.” सत्ताविसाव्या वर्षी अम्मा. तिथल्या तळ्याला ते सागर म्हणतात आणि मध्ये भलाथोरला बुद्ध उभा केलाय. यांनी तळ्याची लांबीरुंदी मनात मोजली आणि आमच्या जिल्ह्यातलं अमुक धरण याच्या कितीपट आहे ते एका भेळवाल्याला समजावून सांगितलं. भेळवाला म्हणाला, “हौ.”

सालारजंगच्या म्युझियममध्ये एक घड्याळ आहे. दर तासाला त्यातून एक बोटभर माणूस बाहेर येतो आणि घंटेवर ठोके देऊन आत जातो. ते बघायला दोन-अडीचशे माणसं बाकांवर, जमिनीवर, एकमेकांच्या खांद्यांवर श्वास रोखून बसली होती. आम्हीही बसलो. माणूस आला, ठोके दिले, गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“एवढंच?” सासूबाई म्हणाल्या. “आमची कुंदा दर तासाला बाहेर येऊन काहीतरी आपटते. तिकीट लावा म्हणावं.”

त्यांची जीभ अशी होती. तिथंच संगमरवरी बाई आहे, अंगावर ओला झिरझिरीत पदर घेतलेली, सगळा दगडाचा. लोक तोंडात बोट घालून बघतात. सासूबाईंनी तिला खालीवर न्याहाळलं. “काय मेलं नेसणं! थंडी वाजत असेल हिला,” म्हणाल्या आणि पुढं झाल्या. मला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. वन्संही हसल्या. हसताना दोघींचीही डावी भुवई सारखीच वर जायची. दोघींना ते कुणी सांगितलेलं नसावं.

पण घरी आल्यावर पुन्हा ते बाहेरचं पाणी, तो स्टोव्ह, ती पाठ. वन्सं रोज नवीन काहीतरी करायच्या. आज थालीपीठ, उद्या अळूचं फदफदं, परवा सांज्याच्या पोळ्या, सगळं आईच्या आवडीचं. फोडणीचा वास पडवीत यायचा, तेव्हा सासूबाईंची भाकरी मोडणारी बोटं थांबायची. क्षणभरच. मग पुन्हा कटाकट.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मीच वैतागले. वन्सं भांडी विसळत होत्या, त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, “वन्सं, एक सुचतंय. पिठलं तुम्ही करा. मी माझ्या पातेल्यात घालून नेते आणि वाढते. त्यांना काय कळतंय? तुमच्या मनासारखं होईल, आणि माझी त्या स्टोव्हमधून सुटका.”

वन्संनी हातातलं भांडं असं खाली ठेवलं, की मी मागं सरले.

“कुंदा, मी तिला विष घालतेय का, चोरून खायला घालायला?”

“तसं नव्हे...”

“तसंच. तिनं माझं खावं, हे मला हवंय. माझं म्हणून खावं. तुझं म्हणून खाल्लं तर ते पिठलं आणि म्युन्शिपाल्टीच्या नळाचं पाणी, मला दोन्ही सारखंच. जा, तुझं दूध उतू चाललंय.”

माझ्या स्टोव्हवर दूध नव्हतंच. पण मी गेले.

रविवारी गोवळकोंड्याला गेलो. तिथं खाली दरवाज्यात टाळी वाजवली की पार वरच्या महालात ऐकू येते. गाइड ते करून दाखवतो आणि मग प्रत्येक जण करून बघतो. यांनी तर हात लाल होईतो टाळ्या वाजवल्या. वर कुणी ऐकायला गेलेलंच नव्हतं, आम्ही सगळे खालीच होतो. ऊन तापलं होतं. आठवडाभर भाकरी आणि चटणीवर असलेल्या सासूबाई एका दगडावर बसल्या त्या उठेचनात. चेहरा पांढराफटक. वन्सं पदरानं वारा घालायला लागल्या. वन्संचे यजमान, श्रीपादराव, पळत जाऊन शहाळं घेऊन आले. श्रीपादराव म्हणजे बॅटरीच्या कारखान्यातला अत्यंत मवाळ माणूस, जन्म हैदराबादचा. सगळ्याला ‘हौ’ म्हणायचे आणि कुणाच्या मध्ये यायचे नाहीत.

सासूबाईंनी शहाळं बघितलं, शहाळं आणणारा हात बघितला आणि मान हलवली.

“आई, अगं हे घरचं नाही, बाजारचं आहे!” वन्सं ओरडल्या.

“घेतलं कुणी?”

“आता चक्कर येऊन पडशील!”

“अरूला सांग.”

तेव्हा अरू, म्हणजे आमचे हे, टाळ्या थांबवून गेले, त्याच गाडीवाल्याकडून दुसरं शहाळं घेऊन आले, आणि सासूबाईंनी ते घटाघटा रिकामं केलं. श्रीपादराव आपलं शहाळं हातात धरून उभे होते. मला वाटलं, फेकून देतील. त्यांनी ते वन्संपुढं केलं. वन्संनी घेतलं नाही. मग ते त्यांनी स्वतःच पिऊन टाकलं, शेवटपर्यंत, आमच्या सगळ्यांकडं पाठ करून.

परतीच्या रिक्षात मी मनातल्या मनात सासूबाईंना जी नावं ठेवली ती इथं लिहिण्यासारखी नाहीत. वन्सं बाहेर बघत होत्या. त्या दिवसापासून त्यांनी आईसाठी काही करणं थांबवलं. बासुंदी नाही, थालीपीठ नाही, आर्जवं नाहीत. मला वाटलं, हरल्या.

निघायच्या दिवशी गाडी संध्याकाळची होती. हे आणि श्रीपादराव सकाळीच बाजारात गेले, शाळेतल्या मास्तरमंडळींसाठी बिस्किटांचे पुडे आणायला. हैदराबादला नावं ठेवून झाली होती, आता तिथली बिस्किटं न्यायची होती. मी पडवीत बसून स्टोव्ह पोत्यात घालून सुतळीनं बांधत होते. सासूबाई ट्रंकेतल्या भाकरीचे उरलेले तुकडे एका फडक्यात गोळा करत होत्या. तेवढ्यात जेवणघराच्या दारात वन्सं येऊन उभ्या राहिल्या.

“आई, पान वाढलंय.”

मी आत डोकावून पाहिलं. एकच पाट, एकच ताट. गोडाधोडाचं काही नाही. वरणभाताची तयारी, तूप, लिंबाची फोड, वांग्याची भाजी. रोजचं जेवण.

“शरे, तुला ठाऊक आहे ना,” सासूबाई म्हणाल्या.

“ठाऊक आहे. म्हणूनच बोलावतेय.”

मी उठायला लागले, तर वन्सं म्हणाल्या, “बस तू. कुणीतरी ऐकायला हवं.” मग आईसमोर येऊन खाली बसल्या. मांडी घालून, हात मांडीत. “आई, माझी पाळी जाऊन दोन वर्षं झाली.”

सासूबाईंच्या हातातलं फडकं थांबलं.

“असं कसं होईल? बेचाळीस म्हणजे काही वय झालं? माझी अठ्ठेचाळिसापर्यंत...”

“तुझं तुझ्यापाशी. माझी गेली.”

“कुणाला दाखवलंस का?”

“दाखवलं. आधीही दाखवलं होतं, आम्ही दोघांनीही. कितीदा दाखवायचं गं? आता डॉक्टरीणबाई म्हणते, कॅल्शियमच्या गोळ्या खा.”

“मला कळवलं नाहीस.”

“काय कळवू? कार्डावर लिहू?”

“जावईबापूंना माहिती आहे?”

“त्यांच्या घरात राहते ना मी.”

बाहेर एक भाजीवाली आरोळी देत गेली. सासूबाई फडक्याच्या गाठीशी चाळा करत होत्या, गाठ बसत नव्हती. मग खालमानेनंच म्हणाल्या, “वीस वर्षं मी तुझ्याकडं पाणी प्यायले नाही. तुला काय वाटलं, तुझा राग म्हणून?”

“मग कशासाठी?”

“अगं, मी जेवले असते तर संपलंच असतं ना. लोक म्हणाले असते, आईनंच आशा सोडली, इतरांचं काय. देवालाही वाटलं असतं, चला, म्हातारीनं हात धुतले, आता आपल्याला कसली घाई. मी जेवत नव्हते तोवर त्याच्याकडं माझं काहीतरी येणं होतं.” त्यांनी नाक ओढलं. “तुझे बाबा म्हणायचे, जाऊन ये एकदा, जेव पोरीकडं, ती खंतावते. मी त्यांना म्हटलं, खंतावू दे. आज खंतावेल, उद्या तिची कूस उजवेल.”

सुतळीचं टोक माझ्या हातात तसंच होतं.

वन्संचा आवाज चढला नाही. “आई, मी बार्शीला आले की तू आधी माझ्या पोटाकडं बघतेस, मग तोंडाकडं. दर वर्षी. गाडीतून उतरताना मला ठाऊक असतं, आता ही दारात उभी असेल आणि बघेल. मी केव्हाच सोडून दिलं. यांनीही सोडलं. आम्ही दोघं बरे आहोत गं. सिनेमाला जातो, भांडतो, जेवतो. तू एकटीच धरून बसलीयस, आणि तू धरून बसतेस म्हणून मला दर वर्षी ते पुन्हा पहिल्यापासून सोडावं लागतं. मी दमले.”

सासूबाई उठल्या. उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. त्यांचं वजन तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, काहीच नव्हतं. त्या जेवणघरात गेल्या, पाटावर बसल्या, पदर सारखा केला.

“वाढ,” म्हणाल्या.

वन्संनी भातवाढणी उचलली. भातात घातली. आणि त्यांचा हात तिथंच राहिला. इतक्या वर्षांची इच्छा त्यांच्यासमोर पाटावर येऊन बसली होती आणि त्यांना भात वाढता येईना. ओठ गच्च दाबलेले, नजर पातेल्यात. मी न राहवून पुढं झाले, त्यांच्या हातातून वाढणी घ्यायला.

“तू नको,” सासूबाई म्हणाल्या. “ती वाढेल. लागू दे तिला वेळ.”

वेळ लागला. पण भात पडला पानात, त्यावर वरण पडलं, तूप पडलं. लिंबाची फोड वन्संनी स्वतः पिळली. सासूबाईंनी भात कालवला, एक घास घेतला आणि सावकाश चावला. दुसरा घेतला. कडक भाकरीचा तो आवाज आठवडाभर ऐकून माझे कान इतके सरावले होते, की त्या वरणभाताची शांतता मला सहन होईना. वन्सं भिंतीला टेकून आईच्या हाताकडं बघत होत्या. हात पानाकडून तोंडाकडं, तोंडाकडून पानाकडं.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि हे आत आले. मागून बिस्किटांच्या पिशव्या घेऊन श्रीपादराव.

“अरेच्चा!” हे दारातच थबकले. “आई, तू जेवतेयस? ताईकडं?”

जन्मात कुठलं गणित यांना पटकन सुटलं असेल तर ते हे. यांचा चेहरा असा उजळला, की मला पोत्यातला स्टोव्ह उचलून यांच्या अंगावर घालावासा वाटला.

“ताई! अगं, काय हे! सबंध आठवडा आम्ही इथं, आणि कुणी बोललं नाही! कितवा? दाजी, तुम्ही तरी सांगायचं!”

श्रीपादरावांनी पान पाहिलं. मग वन्संकडं पाहिलं. वन्संनी, सांगून टाकलं, अशी नुसती मान हलवली. त्यांनी पिशव्या हळूच खाली ठेवल्या, जणू आत काचेचं काही होतं.

सासूबाईंनी तोंडातला घास पुरता संपवला.

“अरू, अर्धवटासारखा ओरडू नकोस.”

“पण मग बातमी काय आहे?”

“बातमी आहे ना. तुझी बहीण बेचाळीस वर्षांची झाली आणि तिच्या वरणात हिंगाचा पत्ता नाही, ही बातमी.”

वन्संनी भिंतीवरून डोकं उचललं. “मुद्दाम घालत नाही. यांना वास सहन होत नाही.”

“वास सहन होत नाही?” सासूबाईंनी जावयाकडं पाहिलं. सबंध मुक्कामात मी त्यांना जावयाकडं असं सरळ बघताना पाहिलं नव्हतं. “आणि वीस वर्षं तुम्ही बिनहिंगाचं वरण खाताय?”

“हौ,” श्रीपादराव म्हणाले.

“धन्य आहे तुमची. आणि वांग्यात चिंच कुणी घालायला सांगितली? मी शिकवलं होतं असलं?” सासूबाईंनी पान पुढं सरकवलं. “घाल आणखी थोडी भाजी. खाल्ल्याशिवाय बोलावं तरी कसं.”

वन्संनी भाजी वाढली. आता हात अडला नाही. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि डावी भुवई वर गेली होती. “बघ कुंदा,” त्या म्हणाल्या, “या बाई आज आल्या आमच्याकडं, आणि आल्या आल्या नावं ठेवायला लागल्या.”

“आज कुठं?” हे म्हणाले. “मंगळवारी आलो की आपण.”

मी यांना खांद्याला धरून पाटावर बसवलं आणि पुन्हा तोंड उघडायच्या आत यांच्या पानात भाताचं भलंमोठं ढेकूळ आपटलं.